लाईट गेली तेव्हा

१

धोंडीबा जळून मेला शुक्रवारी, आणि त्याची राख निवायच्या आत फाट्यावरच्या लोकांनी गुन्हेगार ठरवूनसुद्धा टाकला. तपासाची कटकट हवी कुणाला? चहाच्या कपाबरोबर निकाल मिळाला की लोकांची दुपार बरी जाते.

हा फाटा मुरुमच्या अलीकडं, उमरगा रस्त्यावर. तिथं कृष्णराजचं रेडियमचं दुकान. ट्रॅक्टरच्या बोनेटवर मालकाच्या पोरांची नावं, जीपच्या काचेवर देवाचे डोळे, दुकानांच्या पाट्या, असलं सगळं रंगीत चिकटकाम तिथं चालायचं. पत्र्याचं शेड, पुढं शटर, मागं साधी खिडकीसुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी शटरखालनं काळा धूर यायला लागला. शटरला बाहेरून कुलूप. लोकांनी पहारीनं कुलूप तोडलं, शटर वर ढकललं, तर दुकान झाडणारा म्हातारा धोंडीबा आत शटरला लागूनच पडलेला. पोटमाळ्यावर झोपला होता. तिथनं उतरून धुरातनं चाचपडत दारापर्यंत आला होता बिचारा.

आग हीट गननं लागली, ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. हीट गन म्हणजे तोंडातनं भट्टीसारखी गरम हवा फेकणारं हातातलं मशीन. रेडियमचा कागद वळणावर बसवायचा तर ती हवा मारून तो नरम करावा लागतो. ती गन टेबलावर थिनरच्या डब्याशेजारी चालूच राहिली आणि भडका उडाला. गन चालवायचा आरिफ. आणि ह्याच आरिफनं आदल्या दिवशी चार लोकांत मालकाला सुनावलं होतं, "एक दिवस हे दुकान जळून खाक व्हणार बघा." झालं. पोलिसांनी आरिफला उचललं. सोमवारी अटक दाखवून उमरग्याच्या कोर्टात उभा करायचा, असं ठरलं.

आरिफची आई मैमुना रविवारी सकाळी रामकिसन जमादारांच्या ओसरीवर येऊन बसली. जमादार पोलिसातनं निवृत्त होऊन गावात राहिलेले. गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. लोक त्यांना अजून वचकून असत.

"जमादारसाहेब, माझं लेकरू धमकी देत नव्हतं," मैमुना म्हणाली. "थिनर लांब ठेवा, वाळूची बादली भरून ठेवा, कव्हर काढून ग्राइंडर चालवू नका, म्हणून रोज मालकाशी भांडायचं. काळजीनं बोललेलं आता त्याच्याच अंगावर आलं."

"मग हे ठाण्यात सांगायचं."

"सांगितलं की. तर तिथला शिपाई म्हणला, आग लागणार हे तुझ्या पोराला आधीच कसं ठाऊक होतं?"

जमादारांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात त्यांची लेक वैष्णवी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. परंड्याला दिलेली पोरगी, सासरी नांदवेना म्हणून दोन वर्षांमागं माघारी आलेली. रडत बसली नाही. लग्नाची रुखवतं सजवून द्यायला लागली, आणि तिच्या हातची रुखवतं आता बेंबळीपर्यंत जात होती. ओसरीच्या कोपऱ्यात आत्ताही एक मांडून ठेवलेलं होतं. गरम हवा मारली की आकसून घट्ट बसते ती पन्नी सगळ्या वस्तूंवर घातलेली. निम्म्या वस्तू काचेत बसवल्यासारख्या लखलखत होत्या, निम्म्यांची पन्नी सैलच होती.

"हे अजून अर्धंच?" जमादारांनी विचारलं.

"लाईट गेली होती," असं म्हणून वैष्णवी आत गेली.

जमादार मैमुनाकडं वळले. "ती गन आरिफबिगर आणखी कोण हातात घेतं?"

मैमुनानं तांब्या तोंडाला लावला. पाणी पिऊन झालं, तोंड पुसून झालं. "ते मला काय ठाऊक," असं पुटपुटत ती पदर सावरून उठली. "एकच लेकरू हाय मला. उद्या कोर्टात चढलं की जन्माचा डाग लागतो. बघा काय व्हतंय का."

ती फाटकाबाहेर गेली तशी वैष्णवी परत दारात आली. "अण्णा, तुम्ही कशाला पडताय त्यात? पोलीस बघतील की."

"पोलीस बघतील म्हणूनच पडायचं," जमादार म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

२

कृष्णराज जळक्या शेडसमोर कुणाची तरी खुर्ची मागून आणून बसला होता. भेटायला येणाऱ्यांकडनं सांत्वन गोळा करायचं काम जोरात चालू होतं.

"या जमादार. बघा, होत्याचं नव्हतं झालं."

"धोंडीबाचं तर लईच झालं," जमादार म्हणाले आणि आत शिरले.

आत बघण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण जे होतं ते पुरेसं होतं. आगीतनं वाचलेल्या कोपऱ्यातल्या एका बोर्डात वायरीचं टोक पिनेशिवायच खुपसलेलं, आणि ते गळू नये म्हणून भोकात आगकाडीचं टोक ठोकलेलं. ग्राइंडर होता, त्यावर कव्हर नव्हतं. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलेलं. ड्रिल मशीनच्या पिनेचा अर्थिंगचा पाय मोडून काढलेला, कारण बोर्डाला दोनच भोकं. मीटरजवळचा एमसीबी सारखा पडतोय म्हणून त्याला बगल देऊन बोटाएवढी तार जोडलेली. जास्त लोड आला तर लाईट बंद करायची एवढंच त्या एमसीबीचं काम, तर त्यालाच घरी बसवलेलं. जमादार बघत राहिले. माणसं बैलाला वेसण घालतात आणि विजेला मोकळी सोडतात, आणि वर म्हणतात देवाची मर्जी.

"सगळीकडं असंच असतंय, जमादार," मागनं कृष्णराज बोलला. "आरिफला शहरातली खुळं लागली होती. म्हणं हातमोजे आणा, चष्मे आणा. दुकान हाय का दवाखाना?"

"शटरला कुलूप कुणी लावलं?"

"म्याच. शुक्रवारी बाजार असतोय, हत्यारं चोरीला जात्यात. जेवायला घरी गेलो, येऊन बघतो तर दुकान मोकळं, लाईट गेलेली. शटर ओढलं, कुलूप लावलं, मुरुमला गेलो. धोंडीबा वर झोपलाय हे मला काय ठाऊक? मला वाटलं गेला असंल कुठं तरी."

जमादार बाहेर आले. शटरच्या उजव्या हाताला लिंबाच्या बुडाशी टायरच्या तळाची जुनी चप्पल नीट जोडून ठेवलेली होती. आगीची झळ तिथवर पोचली नव्हती.

"धोंडीबा दुकानात चप्पल घालून जायचा काय रे?"

"छ्या. ज्या जागेवर भाकरी मिळते तिथं चप्पल नको म्हणायचा. बाहेरच काढायचा, लिंबाखाली..." कृष्णराज बोलता बोलता थांबला. त्याची नजर चपलेवर गेली होती.

"म्हणजे कुलूप लावताना चप्पल तुझ्या समोरच होती," जमादार म्हणाले. "म्हातारा आत हाय हे तुला ठाऊक होतं. दर बाजाराला त्याला असाच कोंडून जात होतास. फुकटचा राखणदार."

कृष्णराजनं घाम पुसला. सांत्वनाला आलेली माणसं एकेक करून सटकायला लागली.

"कोंडत होतो, व्हय. पण आग म्या लावली न्हाय."

"मग सांग, आरिफबिगर ती गन कोण वापरायचं?"

कृष्णराज खुर्चीवरून उठला आणि जमादारांच्या अगदी जवळ आला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, कीव होती.

"जमादार, तुमचं वय झालंय. ह्या आगीत हात घालू नका. तुमचेच भाजतील."

३

धमकी जमादारांना नवी नव्हती. पण हे धमकीसारखं वाटलं नाही, आणि म्हणूनच ते मनातनं जाईना. समोर रेवणप्पाची चहाची टपरी होती. रेवणप्पा कोंबडं आरवल्यापासनं दिवे लागेपर्यंत तिथं बसायचा, आणि त्याच्या नजरेतनं फाट्यावरचं कुत्रंसुद्धा सुटत नसे.

"धूर कवा दिसला तुला?"

"लाईट आली, माझा पंखा फिरला. म्हणलं चला, जरा वारं लागंल. दोन गिऱ्हाइकं करतोय तवर धूर."

"आणि लाईट गेली कवा?"

"जुम्म्याच्या टायमाला. मशिदीच्या भोंग्यावर मौलवीसाहेबांचं बयाण चाललं होतं, मधेच भोंगा गप झाला. तवाच गेली."

"तवा आरिफ कुठं?"

"मशिदीत. भोंगा चालू व्हायच्या आधीच हात धुऊन, शर्ट बदलून माझ्यासमोरनं गेला की. तिथनं सुटला तो चुलत्याच्या घरी जेवायला. धूर निघाल्यावर पळत आला, कुलुपावर पहिली पहार त्यानंच मारली. हाताची सालटी निघालीत त्याच्या. पोलिसाला म्या हे सांगितलं, तर म्हणले, तू चहा वत."

जमादार बाकड्यावर बसले आणि डोळे मिटून घेतले. आरिफ गेला तेव्हा लाईट होती. त्यानं गन चालू ठेवली असती तर ती तेव्हाच घरघरत राहिली असती. तो आवाज रस्त्यापर्यंत येतो, आणि धोंडीबा काही बहिरा नव्हता. आग तर लागली लाईट परत आल्यावर. म्हणजे लाईट गेली त्या घटकेला गन कुणाच्या तरी हातात चालू होती. लाईट गेली, गन गप झाली, त्या माणसानं ती तशीच टेबलावर ठेवली आणि निघून गेला. मग कृष्णराजनं कुलूप घातलं. आणि लाईट आली तेव्हा बंद शेडमध्ये, कुणी नसताना, गन आपोआप चालू झाली. सगळं गाव आग लागली तेव्हा कोण कुठं होतं हे विचारत होतं. विचारायला पाहिजे होतं लाईट गेली तेव्हाचं.

"रेवणप्पा," त्यांनी डोळे उघडले, "आरिफ गेल्यावर आणि कृष्णराज यायच्या आधी दुकानात कोण आलं होतं?"

रेवणप्पा चहा गाळत होता. त्याचा हात थांबला नाही, पण चहा कपाच्या बाहेर गेला.

"कुणी न्हाय."

"तू समोर बसून असतोस."

"बसतो. पण सगळंच बघत बसलो तर धंदा कवा करू?" त्यानं कप पुढं केला आणि नजर दुसरीकडं वळवली. "जमादार, गावाला तुमची लई इज्जत हाय. चहा प्या आणि घरी जावा."

४

ठाण्यात फौजदार शिवांजली मॅडम होत्या. नव्या असताना त्यांनी रामकिसन जमादारांच्या हाताखाली बंदोबस्त केला होता, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. चपलेचं आणि लाईटीचं ऐकून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"वरनं फोन येतायत, जमादार. उद्या माणूस उभा करा म्हणून. तुमच्याकडं नाव आहे का कुणाचं?"

"अजून न्हाय. ती गन बघू द्या, आणि पोराशी बोलू द्या."

गन पोत्यात बांधून ठेवली होती. निम्मी वितळलेली. मुठीवरचं बटण मात्र दिसत होतं, प्लास्टिकमध्ये रुतून कायमचं बसलेलं. बटणाचा एक कोपरा पूर्ण खाली दाबलेला, आणि त्या कोपऱ्यावर दोन रेघा.

आरिफ कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. हाताला फडकी गुंडाळलेली. जमादारांना बघून उठला.

"ह्या बटणाच्या दोन रेघा म्हणजे काय रे?"

आरिफनं गजातनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "दोन नंबरवर हाय हे," तो म्हणाला. "दोन नंबर म्हणजे फुल्ल गरम. त्यानं जुना रंग निघतो. रेडियमला मारली तर कागदाचा चोथा होईल. म्या एक नंबरच्या पुढं कधी जात न्हाय."

"आणि बंद?"

"बंद मधी असतंय. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन, आणि मधोमध बंद. नवख्या माणसाला वाटतं, एका टोकाला चालू तर दुसऱ्या टोकाला बंद. घरच्या बटणासारखं. लाईट असली तर लगेच कळतं, आवाज वाढतो म्हणून." तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. "लाईट नसताना काय कळणार."

"बंद केल्यावर तू कशी ठेवायचास?"

"आधी गार होऊ द्यायची. मग बुडावर उभी, तोंड वर. आणि पिन काढून. काय बी झालं तरी पिन काढून."

"म्हणजे हे काम शिकलेल्या हाताचं नव्हं. कुणाचं?"

आरिफ हातावरचं फडकं आवळत राहिला.

"अरे, उद्या तुला कोर्टात उभा करतील. माणूस मारल्याचं कलम लागंल. कुणाला झाकतोस?"

"झाकत न्हाय, जमादारकाका." तो हळू बोलत होता, बाहेर शिपाई होता म्हणून. "माझ्या तोंडात ते नाव आलं, तर लोक आगीचं सोडून भलतंच इचारतील. तू तिला कसा ओळखतोस, दुकानात काय चालायचं. मग माझ्या घरावरच दगड येतील, आणि तिच्यावर काय येईल ते येगळंच. त्यापेक्षा हितं बरा हाय म्या."

तिला. पोरानं तो शब्द सोडला, आणि सोडल्यावर त्याच्याच लक्षात आलं. त्यानं मान फिरवली.

जमादार ठाण्यातनं बाहेर पडले. चौघांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. मैमुनानं पाणी प्यायलं, कृष्णराजनं कीव केली, रेवणप्पानं चहा सांडला, आरिफनं मान फिरवली. चौघांची जीभ एकाच जागी अडकली होती. इतरांसमोर ती अडकली नसती. असं कुठलं नाव होतं, जे फाट्यावर कुणालाही सांगता येईल, फक्त रामकिसन जमादाराला नाही?

ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, आणि ओसरीवरचं अर्धं रुखवत त्यांच्या डोळ्यापुढं उभं राहिलं. पन्नी आवळायला पोरगी त्याच शेडमध्ये जाते हे त्यांना ठाऊक होतं, पण गन म्हटलं की त्यांच्या मनात गड्याचाच हात येत होता.

५

घरी जाताना त्यांनी मोटर वाइंडिंगवाल्या महांतप्पाकडनं त्याची हीट गन मागून घेतली. वैष्णवी ओसरीवर टोपलीला लेस लावत बसली होती. बापाच्या हातातली गन बघून तिच्या हातातली सुई थांबली.

"हे घे," जमादार म्हणाले. "तुझं रुखवत अडलंय ना? कर पुरं."

"अण्णा..."

"कर म्हणतो ना."

तिनं पिन बोर्डात घातली, गन उचलली आणि बटण एका टोकाला दाबलं. गन घरघरली. एका करंड्यावरची सैल पन्नी आवळत आली, सुरकुत्या गेल्या, करंडा लखलखला. हात चांगला होता पोरीचा. जमादारांना तेवढ्यातही अभिमान वाटला, आणि स्वतःचाच राग आला.

ते उठून आत गेले आणि मेन स्विच पाडला. पंखा थांबला, गन गप झाली.

"लाईट गेली," बाहेरून वैष्णवी म्हणाली.

"मग ठेव गन बंद करून."

त्यांनी दारातनं बघितलं. तिनं अंगठ्यानं बटण दाबलं, पार दुसऱ्या टोकापर्यंत. टक् असा आवाज आला. गन तिनं फरशीवर आडवी ठेवली आणि समाधानानं हात झटकले.

जमादारांनी मेन स्विच वर केला.

गन फरशीवर पडल्या पडल्या गर्जली. मघाच्या दुप्पट आवाज. समोरच्या करंड्यावरची पन्नी काळी पडली, तिला भोक पडलं आणि ती वितळून खाली ओघळली. वैष्णवी किंचाळून मागं सरली. जमादारांनी पुढं होऊन पिन उपसून काढली.

पन्नीचा वास ओसरीभर पसरला.

"मी बंद केलं होतं, अण्णा," ती शेवटी म्हणाली. "देवाशप्पथ बंद केलं होतं. आवाज नव्हता."

"आवाज लाईट गेल्यानं थांबला होता. तू एकवरनं दोनवर ढकललंस. बंद मधी असतं."

तिनं गन उचलून बटणाकडं बघितलं, आणि ती तिथंच खाली बसली. "धोंडीबाबांनी मला बसायला स्टूल दिला होता," ती म्हणाली. "वर झोपायला जाताना म्हणले, पोरी, निघताना हाक मार. मी हाक मारली न्हाय. म्हणलं झोपलेत, कशाला उठवायचं." मग ती रडायला लागली.

पण जमादारांना आता थांबून चालणार नव्हतं. "दोन दिवस गप्प का बसलीस? ते पोर तुझ्यापायी कोठडीत हाय."

"मला वाटलं मी बंद केलं, म्हणजे आग माझी नव्हं. आणि शुक्रवारी तिथं होते असं म्हणलं असतं तर तुम्ही हे काम बंद पाडलं असतं. परत परंड्याला धाडलं असतं."

"चालवायचं ठाऊक नव्हतं तर शिकून घ्यायचं. आरिफला इचारायचं. त्यानं सांगितलं असतं, बंद कुठं, पिन कशी काढायची, ठेवायची कशी. एवढुसं तर काम."

वैष्णवीनं मान वर केली. डोळे रडके होते, आवाज मात्र रडका नव्हता.

"कधी इचारू? तुम्हीच कृष्णराजदादाला बजावून ठेवलं होतं ना, माझी पोरगी येईल ती जेवणाच्या सुट्टीत, शेडमध्ये गडीमाणूस नसताना. आरिफ एकदा दाखवायला लागला होता. बटणावर बोट ठेवून सांगतच होता. तुम्ही दारात आलात आणि त्याला म्हणलात, तू बाहेर थांब. त्या दिवसापास्नं मी आले की तो मान खाली घालून, लांबनं वळसा घेऊन बाहेर निघून जायचा. मग कुणाकडनं शिकू, अण्णा? आपल्या आपणच शिकले मी. जेवढं कळलं तेवढं."

जमादारांना तो दिवस आठवला. आरिफचा बटणावरचा अंगठा आठवला. त्यांनी पोरीकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. सबंध तपास त्यांनी लाईट गेली तेव्हा गन कुणाच्या हातात होती ह्याचा केला होता, आणि त्या हाताला कुणी शिकवू नये म्हणून दारात उभा राहिलेला माणूस घरीच होता.

उन्हं कलायला लागली. वैष्णवीनं तोंड पुसलं.

"अण्णा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही न्हाय सांगितलं तर कुणाला कळंल?"

"सगळ्यांना ठाऊक हाय, पोरी," जमादार म्हणाले. "मी सोडून."

६

ठाण्यात ते दोघं दिवस मावळायच्या आधी पोचले. वैष्णवीनं सगळं सांगितलं, काही न लपवता. मॅडमनी ते उतरून घेतलं आणि कृष्णराजला बोलावणं धाडलं. चप्पल आणि कुलूप ऐकून कृष्णराज आधी तांबडा झाला, मग जमादारांकडं वळला.

"म्या पोरीचं नाव घेतलं न्हाय, जमादार. आरिफचं घेतलं. तुमच्या घराची अब्रू राहावी म्हणून. तुमच्यासाठीच केलं सगळं, आणि तुम्ही माझ्यावरच?"

"आणि कुलूप?" जमादारांनी विचारलं. "तेबी माझ्यासाठीच लावलं होतंस?"

कृष्णराज खिडकीबाहेर बघायला लागला. गन चालू राहिली तरी दार उघडं असतं तर म्हातारा बाहेर आला असता, हे तिथल्या शिपायालासुद्धा कळत होतं. मॅडमनी दोघांची नावं लिहिली. निष्काळजीपणानं माणूस मेला, म्हणून. पोरीला बोलावलं की यावं लागेल, केस चालेल, वर्षं जातील, असं त्यांनी जमादारांना स्पष्ट सांगितलं.

"माझं पण नाव लिहा," जमादार म्हणाले.

"तुमचं? काय म्हणून?"

जमादारांनी सांगितलं. दुकानाच्या दारात ते कसे उभे राहिले, पोराला काय म्हणाले, कृष्णराजला काय बजावलं. मॅडम पेन हातात धरून ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"ह्याला कलम नाही, जमादार."

कोठडीचं दार उघडलं. मैमुना जमादारांच्या ओसरीवरनं उठल्यापासनं ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिनं पोराच्या तोंडावरून, फडकी बांधलेल्या हातांवरून हात फिरवला. जमादारांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर वैष्णवी बसली होती. आरिफ बाहेर येताना दिसला तशी ती उठून उभी राहिली. तिला काही तरी बोलायचं होतं, ओठ हललेही. आरिफनं तिला बघितलं. लगेच मान खाली घातली, पाऊल वळवलं आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या कडेनं, भिंतीला अंग घासत, लांबनं वळसा घेतला.

"आरिफ," जमादारांनी हाक मारली. "थांब रे. तिच्याशी बोल."

आरिफ थांबला. त्यानं जमादारांकडं बघितलं, मग ठाण्यातल्या माणसांकडं, मग फाटकाशी जमलेल्या लोकांकडं.

"नको, काका," तो म्हणाला आणि आईचा हात धरून गर्दीतनं निघून गेला.